वनाचा पाय

देवपुरात झुलाल मिस्त्रीने हात टेकले असं कुणी पाहिलं नव्हतं. पण रुपचंद शेठची धुळे-धरणगाव मोटर तीन दिवस त्याचं डोकं खात होती. रस्त्याला लागली की सुरळीत. उभी केली की इंजिन एकसारखं राहत नसे. मध्येच चढे, मग आता बंद पडेल इतकं बसे.

झुलालने प्लग घासले, पॉइंट लावले, कार्बोरेटर उघडून जेट फुंकले. सांध्यांवर तेल सोडून पाहिलं, हवा कुठूनच ओढत नव्हती. चौथ्या दिवशी दुपारी त्याने पाना भिंतीवर फेकून मारला.

राग इंजिनावर नव्हताच. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी याच गाडीच्या ब्रेकच्या दांड्याला चीर त्यानेच पाहिली होती. शेठला बजावलं होतं, गाडी काढू नका. दुसऱ्या दिवशी हत्यारं देवापुढे मांडलेली. त्या दिवशी पान्याला हात लावत नाहीत. झुलाल पूजा आटोपून घरी जेवायला बसला आणि शेठने सणाची गर्दी पाहून, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी सोडली. पांझरा नदीच्या उतारावर ब्रेक लागला नाही आणि ड्रायव्हर वना चिरडून मेला. आता हाच शेठ गावभर सांगत होता, की वना पिऊन होता. ज्या माणसाने जन्मात ताडी चाखली नाही, त्याच्या भागाबाईला लोक आता बेवड्याची बायको म्हणत होते.

शेठ छत्री टेकत आला. गाडी चालूच होती.

"उद्या कचेरीमा तुन्ही जबानी शे," तो म्हणाला. "ब्रेक चांगला व्हता, इतलंच सांगानं."

झुलालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दांडा तर शेठने घाईघाईने नवा बसवून घेतला होता, जुना कुठे टाकला देव जाणे. इंजिन पुन्हा चढलं, तेव्हा रागारागातच त्याने मोजलं. तीनदा चढलं, मग थांबलं. पुन्हा तीनदा.

स्टँडवरून सुटायच्या आधी वना असंच तीनदा पेडल दाबी. चहाला गेलेली माणसं धावत येत.

झुलालने आत वाकून पाहिलं. सीट रिकामी होती. ॲक्सिलरेटरचं पेडल आपोआप खाली जात होतं.

त्याने पेडलची कांडी कार्बोरेटरपासून सोडवून हातात घेतली. इंजिन शांत, एकसारखं चालू लागलं.

मग शेजारचं ब्रेकचं पेडल हललं. नव्या दांड्यामुळे चार बोटं दबताच घट्ट लागणारं ते पेडल सावकाश तळाला टेकलं. तिथेच राहिलं.

शेठलाही ते दिसलं. छत्री त्याच्या हातून पडली.

"दांडाले चीर पडेल व्हती," झुलाल म्हणाला. "मी तुमले सांगं व्हतं, शेठ. उद्या हेच सांगसू."

पेडल वर आलं नाही.

ब्रेकची गोष्ट झुलाल फक्त शेठशी, बाजूला घेऊन बोलला होता. वना त्या संध्याकाळी तिथेच काच पुसत होता.

"वनाले मातर मी सांगं नही."

पेडल हळूहळू वर आलं.

मग इंजिन चढलं. एकदा, दोनदा, तीनदा.

कांडी झुलालच्या मुठीतच होती.