नवव्या खुणेवरचा खांब

पहिली भेट म्हणजे टक्करच! लॅपटॉप सांभाळत ती कॉरिडॉरमध्ये वळली आणि जमिनीवर खुणा आखत बसलेल्या त्याला अडखळली.

"वाटेत काय बसलाय?"

"खांब समजा नि वळसा घालून जा," तो हसला.

तेव्हापासून तो 'खांब'. कामही तसंच. छातीवर बिल्ला लावून एकेका खुणेवर गप्प उभं राहायचं. बिल्ल्यातून रेडिओचे बारीक स्पंद सुटत, टोकाच्या भिंतीवरचा रिसीव्हर ते टिपून अंतर सांगे. ती दुसऱ्या टोकाला आकडे बघत बसे.

"खांब, श्वास घेता ना?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा, मॅडम."

तिला हसू फुटे... पण मान काही वर होत नसे. लाजायची, दुसरं काय!

आकडे मात्र रुसले होते. नवव्या खुणेपासून पुढे, दर वेळी खऱ्या अंतरापेक्षा अर्धा मीटर जास्त. मुदत सरत आली, साहेब तापले आणि रागाच्या भरात तिने लिहून दिलं – मोजणीत हलगर्जीपणा. त्याची बदली झाली. "येतो," एवढंच म्हणून तो गेला.

महिन्याने तिने स्पंदांचे मूळ आलेख उघडले. थेट आलेला स्पंद होता, पण इतका क्षीण, की यंत्राने तो सोडून लोखंडी कपाटावर आपटून उशिरा आलेला जोरकस स्पंद धरला होता. उशीर म्हणजे जास्त अंतर. थेट वाटेत नक्की काहीतरी आड येत होतं.

बिल्ला लावून ती नवव्या खुणेवर उभी राहिली. रिसीव्हरकडे तोंड – आकडा बरोबर. पाठ फिरवली – अर्धा मीटर जास्त. तिचंच अंग आड येत होतं! आठव्या खुणेपर्यंत कपाटामुळे काही दिसत नव्हतं. इथून मात्र समोर दिसत होती... तिची खुर्ची.

तिने फोन लावला. "खांब, तुम्ही रिसीव्हरकडे पाठ करायचात?"

"त्याच्यात बघण्यासारखं काय होतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"वाटायचं, एकदा तरी मान वर कराल."

"आता केलीय... मला तुम्ही हवे आहात."

"येत्या रविवारी लग्न आहे माझं. शब्द दिलाय, मॅडम. तेवढा तो 'हलगर्जीपणा' खोडा."

तिने खोडला. कारणाच्या रकान्यात लिहिलं – चूक मोजणाऱ्याची नाही, माझी. मग नवव्या खुणेवर, रिकाम्या खुर्चीकडे बघत ती रडत उभी राहिली. मागे भिंतीवरचा रिसीव्हर अर्धा मीटर जास्तच दाखवत होता.