बांधाखालची ओल

सगुणाने बांधाजवळची ओलकाठी पदराने पुसली आणि पुन्हा पाहिलं. टोकाचा दिवा पिवळाच होता, म्हणजे मातीत ओल कमी. काल तो पिवळा दिसला तेव्हा काचेवर धूळ बसली असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आज धूळ नव्हती.

बांधापलीकडे वरच्या अंगाला गजाबाचं रान होतं. मुरमाड, उथळ. श्रावण असा कोरडा गेला की त्या रानात बाजरी गुडघ्याच्या वर कधी चढली नव्हती. या वर्षी ती खांद्याला लागत होती आणि त्याच्या ओलकाठीचा दिवा हिरवागार होता. सगुणाचं रान ओढ्याकाठचं, काळ्या मातीचं. सगळं शिवार करपलं तरी ते धरून राहायचं. नवरा गेल्यावरही तिने कुणापुढे हात पसरला नाही, तो या मातीच्या जिवावर. आज तिच्याच बाजरीची खालची पानं वळायला लागली होती, आणि कणसं तर आत्ता कुठे पोटरीतून बाहेर पडत होती.

हवामान निधीची माणसं वाडीत आली तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, की पाऊस आता असाच लहरी राहणार. मोठ्या कालव्यांत पैसा घालण्यापेक्षा आम्ही लहान शेतकऱ्यांच्या मातीत घालणार आहोत. परतफेड नाही, फक्त वाईट वर्षात पीक तगलं पाहिजे. मग त्यांनी बियाण्याबरोबर प्रत्येक रानात एक बुरशी पेरून दिली. मुळांना धरून राहणारी बुरशी मातीत असतेच, पण ही प्रयोगशाळेत वाढवलेली होती. तिचे केसांहून बारीक तंतू एका रानातून दुसऱ्या रानात जात आणि जिथे ओल जास्त तिथून कमी असेल तिकडे नेत. शास्त्रज्ञ तिला सहजीवी जाळं म्हणायचे. वाडीने तिचं नाव ठेवलं सोयरीक.

निधीची अट एकच होती. बांधालगत चर मारायचा नाही.

ती वाडीला जड गेली. शेजाऱ्याच्या झाडाची मुळं आपलं पीक ओढतात, म्हणून दर उन्हाळ्यात बांधाच्या कडेने खोल चर मारून ती तोडायची, ही तिथली रीत होती. गजाबा सगुणाचा चुलत दीर. त्याच्या बांधावरच्या निंबापायी तिने इतके चर मारले, की शेवटी दोघांचं बोलणंच बंद झालं. तरी सगळ्यांबरोबर तिनेही अंगठा दिला होता.

दुपारी निधीची कृषितज्ज्ञ नफिसा तांबोळी आली. ती पलूसकडची होती. वाडीत राहून आता तिला प्रत्येक रान ओळखू येत होतं. तिने काठीला फोन लावून आकडे पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागली.

“बोल की,” सगुणा म्हणाली. “डॉक्टर असा गप बसला की पेशंट निम्मा तिथंच मरतो.”

“तुमची ओल वर जातेय काकू. अंदाजापेक्षा जास्त. वरच्या सगळ्या रानांना तुमच्याकडूनच मिळतेय.”

“मग थांबव.”

“ते माझ्या हातात नाही. नळ असता तर बंद केला असता. पाऊस पुढच्या आठवड्यात येईल असं दिसतंय. तोवर शिवार तग धरेल, हिशेब तसंच सांगतो.”

“शिवार धरंल. माझं रान?”

नफिसाने ओढणी सावरली. “हिशेब शिवाराचाच मांडलाय. एखादं रान गेलं तरी बाकीची उभी राहिली, तर प्रयोग यशस्वी धरतात. मग पुढच्या गावांना निधी मिळतो.” मग हळू आवाजात म्हणाली, “हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.”

सगुणा घरी गेली आणि फावडं घेऊन आली. नफिसा तिथेच होती. तिने अडवलं नाही. एवढंच सांगितलं, की चर मारला तर तुटलेले तंतू या हंगामात पुन्हा जुळणार नाहीत. वरची रानं दोन-तीन दिवसांत माना टाकतील.

“मला ठावं हाय,” सगुणा म्हणाली. पण फावडं उचललं गेलं नाही. गजाबाच्या रानावर राग काढायला तिचं मन तयार होतं. पण त्याच्या वर कोंडाबाईचं रान होतं. मागल्या वर्षी सगुणा तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा तिची कापणी कोंडाबाईनेच करून दिली होती.

“वहिनी, फावड्याला टेकून उभं राह्यलं म्हंजे चर पडत न्हाय.”

इतक्या वर्षांनी तो आवाज आपल्याला उद्देशून आलेला ऐकून सगुणा दचकली. गजाबा निंबाखाली उभा होता. त्याच्याही हातात फावडं होतं.

“तुमी कशाला आलाय भावजी? मजा बघायला?”

“आमचा दिवा हिरवा अन् तुजा पिवळा. मला काय दिसत न्हाय व्हय? तुज्या रानातलं पिऊन माजी बाजरी माजल्याली मला नगं. मार चर, मीबी माज्या अंगानं मारतो.”

“आणि कोंडाबाईचं काय?” सगुणाने विचारलं.

गजाबाने वर पाहिलं. कोंडाबाई तिच्या रानात उभी होती. एवढ्या लांबून तिला शब्द ऐकू येत नव्हते, पण बांधाच्या दोन्ही बाजूंना फावडी दिसत होती. ती पाहतच राहिली होती.

“आधी असं एखादं साल आलं तर काय करायचात?” नफिसाने विचारलं. “जाळं नव्हतं तेव्हा?”

“काय करणार? ओळीआड ओळ उपटायची,” गजाबा म्हणाला. “ऱ्हायल्याल्या ताटांना तरी ओल पुरती. उपाटल्याली गुरांना.”

तो बोलता बोलता थांबला. सगुणाही त्याच्याकडे पाहू लागली. वरची तहान कमी झाली तर खालची ओढ कमी होईल, हे तिघांनाही एकदमच कळलं. पण कणसं फुटायच्या बेताला आलेली बाजरी, आणि तीही दुसऱ्याच्या रानासाठी, कोण उपटतं?

गजाबाने फावडं निंबाला टेकवलं. पहिल्या ओळीत शिरला, वाकला आणि बाजरीचं एक ताट मुळासकट उपटलं. मग दुसरं. मुळांना पांढरे तंतू लोंबत होते.

“भावजी, निम्मं पीक जाईल तुमचं.”

“तू गप ऱ्हा. बोलणं बंद हाय न्हवं आपलं?”

सगुणा बांध ओलांडून त्याच्या रानात गेली. दोघांच्या बऱ्याच ओळी उपटून झाल्या, तेव्हा नफिसाचा फोन वाजला. आभाळातून शिवारावर नजर ठेवणाऱ्या उपग्रहाचा इशारा होता. नफिसाने तो वाचून दाखवला. ‘हिरवळ घटते आहे. पिकाची पडझड सुरू. कारण कळवा.’

“असंच चालू राहिलं तर प्रयोग फसला असं धरतील,” ती म्हणाली. “पुढची गावं राहून जातील. उपटलेलं आणि करपलेलं, वरून दोन्ही सारखंच दिसतं.”

“मग खरं काय ते कळीव.”

“त्या इशाऱ्याला फक्त दोनच उत्तरं चालतात काकू. तगलं की पडलं.”

सगुणाने कंबर सरळ केली. वरच्या रानात कोंडाबाई अजून तशीच उभी होती. तिच्यापलीकडे आणखी रानं होती. त्यांच्या मालकांना तर अजून काही ठाऊकही नव्हतं. तेवढ्यात कोंडाबाई खाली वाकली. तण काढायला की बाजरी उपटायला, ते इथून कळत नव्हतं.

“काय कळवू?” नफिसाने पुन्हा विचारलं. “तगलं, की पडलं?”