उचललेलं अंतर

अंतर नाहीसं करता येत नाही, फक्त उचलून दुसरीकडे ठेवता येतं, हे एव्हाना शाळेतली पोरंही सांगत. दोन शहरं जवळ आणायची तर मधल्या जागेची घडी घालायची. यालाच घडीमार्ग म्हणत. पण घडी घातलेली जागा जाणार कुठे? दुसरीकडे कुठेतरी ती उलगडावीच लागे. रत्नागिरी आणि ओसाका यांच्यामधलं साडेसहा हजार किलोमीटर अंतर उलगडायला गणितात एकच जागा बसत होती. रत्नागिरीचा किनारा आणि खडपबेट यांच्यामधली समुद्राची चिंचोळी पट्टी.

आणि खडपबेटावर राहत होती सुनयना केळसकरची आई. घडीमार्गाची प्रमुख शास्त्रज्ञ कोण, तर हीच सुनयना! बेटावरच्या बहुतेकांनी सरकारी घरं घेतली होती. चाळीसेक म्हातारी माणसं मात्र हटायला तयार नव्हती, आणि त्यांना सोडून नर्मदाबाई हटेनात. त्या निवृत्त नर्स.

शेवटच्या दिवशी सुनयना होडीने बेटावर आली तेव्हा नर्मदाबाई शेजारच्या हसनचाचांच्या पायाला पट्टी बांधत होत्या.

"आई, चल ना गं. उद्यापासून ही होडी चालायची नाही."

"का? पाणी आटणार आहे?"

"वाढणार आहे. इथून रत्नागिरी दिसणारसुद्धा नाही. ओसाका विमानाने बारा मिनिटांवर येईल, आणि ते आज जितकं लांब आहे तितकी तू लांब जाशील."

"मग तूही विमानाने ये."

"उतरायला जागा कुठाय इथे? वरून धान्य-औषधं टाकतील. फोन चालेल. बस्. आणि एकदा घातलेली घडी दहा वर्षं मोडता येत नाही."

नर्मदाबाईंनी पट्टीची गाठ मारली. "इरा कशी आहे?"

इरा म्हणजे सुनयनाची मुलगी. रक्ताचा आजार, ओसाकात उपचार, आणि जवळ कोणी नाही. काम सोडून सुनयनाला जाता येत नव्हतं.

"रोज फोनवर रडते. आई, तू फक्त 'नको' म्हण. गणित चुकलं म्हणून सांगते मी, कोणाला कळायचं नाही."

"वेड लागलंय का तुला? लेक तिकडे आजारी, आणि तू माझा पदर धरून बसलीस! घाल घडी."

हेच ऐकायला आपण आलो होतो, हे सुनयनाला कळलं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि हायसंही वाटलं.

घडी पडली. काम आटोपलं की सुनयना रोज इराच्या उशाशी जाऊन बसू लागली. हळूहळू इराला जेवण जायला लागलं, ती हसायला लागली. आईशी फोनवर बोलणं होई. सगळं ठीक चाललं होतं.

एका संध्याकाळी ती इराच्या उशाशी असताना हसनचाचांचा फोन आला.

"बेटी, आईच्या छातीत कळ आलीय. घामाने भिजलीय नुसती. मी धक्क्यावर उभा राहतो, तू डॉक्टरला घेऊन लवकर नीघ."

सुनयना उठून उभी राहिली. होडीला आता अठरा दिवस लागले असते; घाबरलेल्या चाचांना त्याचा विसर पडला होता. वरून औषध टाकता आलं असतं, पण ते द्यायला तिथे एकच नर्स होती.

"कोण आहे गं?" इराने विचारलं आणि तिचा हात धरला.

"बेटी, ऐकतेस ना? ती विचारतेय, तू निघालीस का."

"निघाले, चाचा," सुनयना म्हणाली. "तिला सांगा, होडीत बसले."