बदकाची हरवलेली शिंक

"थांबा, थांबा! परत चुकलं!"

चौकातल्या मंचावर दिग्दर्शक रोमेलसर कपाळाला हात लावून ओरडले. लाउडस्पीकरवरच्या रेकॉर्डिंगमध्ये बदक बोलून मोकळं झालं होतं आणि मंचावरच्या बदकाची चोच आत्ता कुठे उघडत होती!

टेबलाखालून लोला इसिंग बाहेर आली. लोला म्हणजे आजी. तिच्या हातात बदक तसंच होतं, कागदाच्या लगद्याचं, पिवळं, एका डोळ्याचा रंग उडालेलं. 'तारा, इतिक!' म्हणजे 'चल रे, बदका!' हा टीव्हीवरचा मुलांचा कार्यक्रम आज चाळीस वर्षांचा होत होता. फिलिपिन्समधले निम्मे आईबाप त्याच्यावरच वाढलेले! बदक घडलं आमच्या पाएते गावात, म्हणून वाढदिवसही इथेच. संध्याकाळी पहिला भाग जसाच्या तसा करून दाखवायचा होता.

"लोला, तुमचा हात आता थकला हो," रोमेलसर म्हणाले. "संध्याकाळी आमची मनिलाची तेसा बदक चालवेल. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. छान हार घालू तुम्हाला!"

बदक टेबलावर ठेवून लोला घरी निघाली.

"हार म्हणे! घाल स्वतःच्याच गळ्यात!" तिची तेरा वर्षांची नात निंग पुटपुटली आणि लोलाच्या मागे धावली. तिच्या मागे मावसबहीण पिपाय, आणि त्यांच्यामागे केळं सोलत त्यांचा मित्र आंबेत. सुट्टीत हे त्रिकूट एकमेकांना सोडत नसे.

"लोला, खरंच हात थकला का गं?" पायरीवर बसत निंगने विचारलं.

"हात कसला थकतोय!" लोलाचे डोळे भरून आले. "टेबलाखालून मला काही दिसतं का? बदकाचा आवाज तुझे आजोबा, तेरोंग, काढायचे. प्रत्येक वाक्याआधी तेरोंग बारीकशी शिंक द्यायचा. ती आली की माझा हात उघडायचा. लोकांना वाटायचं, बदकाला सर्दी आहे! ह्या नव्या नटाच्या आवाजात शिंकच नाही."

"मग मी शिंकतो की!" आंबेत म्हणाला.

"सकाळी शिंकलास ना? सरांनी मंचावरून हाकललं तुला," पिपायने आठवण करून दिली. "पण लोला, आजोबांचाच आवाज लावू देत की!"

"कुठून लावतील? सहा वर्षं केला आम्ही कार्यक्रम, मग तो गेला आणि मी बदक दुसऱ्यांना दिलं. तेव्हा टेपा महाग. स्टुडिओवाल्यांनी आमच्या सगळ्या भागांवर बास्केटबॉलचे सामने उतरवले. चौतीस वर्षं झाली, त्याचा आवाज ऐकला नाही मी. एकदा, एकदाच त्याच्यासोबत बदक चालवायचं होतं गं."

आंबेतने केळंही खाली ठेवलं!

तेवढ्यात दारात ट्रायसिकल रिक्षा थांबली. आंबेतचे आजोबा, लोलो तिबो, हसत उतरले. "हा-छी! चल रे बदका, पाणी कुठे? पाणी गेलं भाताकडे! हा-छी! मी पण जातो भाताकडे!"

लोला चमकली. "अगं बाई! हे तर पहिल्या भागातलं!"

"हो तर! सगळा भाग पाठ आहे मला."

पिपायने डोळे बारीक केले. वय नऊ, पण कान मांजराचे! "लोलो, तुम्ही तेव्हा सौदीला कामाला होतात ना? मग पहिला भाग पाहिलात कुठे?"

"पाहिला कुठे? ऐकला! फोन परवडायचा नाही, म्हणून आंबेतची आजी कॅसेटवर बोलून पाठवायची. मुलं काय बघतात ते मलाही कळावं, म्हणून तिने रेकॉर्डर टीव्हीसमोर ठेवला होता. रोज झोपताना लावायचो. घरी पत्र्याच्या डब्यात आहेत की सगळ्या कॅसेटी!"

"बसा गाडीत!" निंग ओरडली.

डबा होता, पण रिकामा!

"टेपा?" आंबेतचे वडील, गार्दो, खुशीत म्हणाले. "आता वाजवतं कोण? शेतात बांधल्या सकाळी. भात पिकलंय, पाखरं फडशा पाडतात. वाऱ्यावर कशा चमकतात बघा!"

"ताताय!" आंबेत वडिलांवर किंचाळला. "काय केलंत हे!"

शेतात बांबूपासून बांबूपर्यंत काळ्या फिती फडफडत होत्या. प्रत्येक फितीची कॅसेट पहिल्या बांबूला लटकलेली. पिपाय एकेकीवरचं अक्षर वाचत पळाली. "मापिंगची परीक्षा... आईचं दुखणं... सापडलं! 'मुलांचं बदक'!"

"तुटलीय?"

"अजून नाही!"

आंबेतने पलीकडच्या बांबूवर चढून गाठ सोडली. निंगने फीत दोन्ही हातांनी चिखलापासून वर उचलून धरली. पिपायने अंबाड्यातली पेन्सिल उपसली, कॅसेटच्या भोकात घातली आणि फिरवू लागली. गरागरा नाही, हळूहळू!

"माझा हात मोडला!" निंग कण्हली.

"बोलू नकोस, फीत हलते!"

इकडे पाखरांचा थवा भातावर उतरला. "अरे, माझं पीक!" गार्दो ओरडले.

"मग तू हो बुजगावणं!" लोलो तिबोंनी मुलाला दटावलं. "माझ्या बायकोचा आवाज शेतात टांगतोस? हलव हात!" आणि गार्दो बिचारे तासभर हात हलवत उभे राहिले.

सौदीहून आणलेल्या जुन्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट चढली. खरखर... खरखर... "हा-छी!"

"बंद कर! झिजेल!" निंगने झटकन बटण दाबलं. मग तिघं नाचली.

रोमेलसरांनी मात्र ऐकूनच घेतलं नाही. "चिखलातली टेप? लोक जमलेत, पळा!"

तेसाने ऐकलं होतं. ती वाकून निंगला म्हणाली, "माझी आई त्या शिंकेवरच खो खो हसायची. लोलाला आण, मी बाजूला होते."

आता राहिले सर. आंबेत केळीच्या पानातला चिकट गुळभात घेऊन गेला. "सर, लोलाकडून! दोन्ही हातांनी खायचा हं, नाहीतर तिला वाईट वाटतं."

सरांची दहाही बोटं बरबटली आणि नेमका पडदा उघडला. नटाचा आवाज लावायचा तर बटणाला बोट लावता येईना! लोला टेबलाखाली शिरली आणि निंगने टेपरेकॉर्डर माइकशी ठेवून कळ दाबली.

"हा-छी!"

टेबलाखालून बदक ताडकन वर आलं. "चल रे बदका, पाणी कुठे?" चोच शब्दाबरोबर उघडत होती, मिटत होती, अगदी बरोब्बर! चौकातली पन्नाशीची माणसं लहान मुलांसारखी ओरडून पुढची वाक्यं म्हणू लागली. लोलो तिबो उघड उघड रडत होते.

रोमेलसर चिकट हातांनीच मुलांपाशी आले. "चूक माझी होती. हात थकला नव्हता, मीच नीट विचारलं नाही. शाब्बास रे पोरांनो!"

भाग संपला. चाळीस वर्षांपूर्वी स्टुडिओत इथवर आल्यावर लोला तान्ह्या बाळाकडे धावत गेली होती. पुढचं तिने कधी ऐकलंच नव्हतं. पण कॅसेट चालूच होती.

"हा-छी! गेली का ती? मग सांगतो, मुलांनो. माझी चोच कोण हलवतं, ठाऊक आहे? माझी इसिंग! असा हात अख्ख्या देशात नाही. आज रागावलीय माझ्यावर, न बोलताच गेली. तिला सांगू नका हं!"

खट्! कॅसेट संपली. बदकाने मान हळूच इकडे वळवली, तिकडे वळवली. मग टेबलाखालून लोलाचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू गेला.

"रागावले नव्हते रे, तेरोंग. घाईत होते."