दगडासारखा ब्रेक

"मामा झोपला नव्हता!" ताईने ताट बाजूला सारलं. "मालक धादांत खोटं बोलतोय!"

"मग गाडी भिंतीवर कशी गेली?" ढब्बूने विचारलं. आज त्यानेही दुसऱ्यांदा वाढून घेतलं नव्हतं.

सुट्टीला मामाकडे आलेल्या या तीन भावंडांची सगळी मजा परवाच संपली होती. मामा गॅरेजमध्ये ड्रायव्हर. एका लांबलचक जुन्या अमेरिकन गाडीतलं पेट्रोलचं इंजिन काढून तिथे डिझेलचं बसवलं होतं. मामा ती चाचणीला घेऊन गेला आणि उतारावरच्या भिंतीवर आदळला. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. मालक गावभर सांगत सुटला, 'ड्रायव्हरला डुलकी लागली!' उद्या विम्याचे तपासनीस तेच लिहून घेणार होते. मग मामाचं लायसन्स गेलंच! मामी दवाखान्यात नुसती बसून होती. जेवतही नव्हती.

मामा शुद्धीवर आल्यावर ताईला एवढंच म्हणाला होता, "दाबत होतो गं. ब्रेक दगडासारखा झाला होता."

"पण मामा निघण्याआधी त्याची कवायत करतो की!" ढब्बू म्हणाला.

ती कवायत तिघांनाही पाठ होती. इंजिन बंद असताना ब्रेक तीन-चारदा दाबायचा, पाय तसाच ठेवायचा आणि गाडी चालू करायची. पाय थोडा खाली गेला, तर ब्रेकला जोर मिळतोय!

"परवा नाही केली," धाकटी पिटकी हळूच म्हणाली. "गाडी आधीच चालू होती. मालक म्हणाले, बॅटरी उतरलीय, बंद करू नकोस. मी फाटकातच होते."

ताई ताडकन उठली. "म्हणजे ब्रेक तपासूच दिला नाही! चला!"

गॅरेजच्या शेडमध्ये गाडी उभी होती. नाकाचा डावा कोपरा पार चेपलेला. सीटवरचा डाग पाहून पिटकीने डोळे गच्च मिटले. ढब्बूने बॉनेट उचललं. ब्रेकच्या गोल डब्यातून आलेली रबरी नळी इंजिनापर्यंत पोचलीच नव्हती. तिच्या तोंडात चक्क एक बोल्ट कोंबला होता!

"मामाने सांगितलं होतं," ताई म्हणाली. "पेट्रोलचं इंजिन या नळीतून हवा ओढायचं, त्यानेच ब्रेकला जोर मिळायचा. डिझेलला वेगळा पंप लावावा लागतो. तो लावलाच नाही!"

"बोल्ट काढून नेऊ या, पुरावा!"

"अजिबात नको! काढलास तर उलट आपल्याच माथी मारतील. राहू दे तिथेच."

सकाळी तपासनीस गॅरेजमध्ये आले, तेव्हा मालकाने गाडी आधीच चालू करून ठेवली होती. अंगणात दोन हात पुढे, दोन हात मागे. "बघा साहेब, ब्रेक एकदम टकाटक!"

गोगलगायीच्या चालीने कुठलीही गाडी थांबेल! ताईने खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद!

"ए कार्टे!" मालक ओरडला.

"साहेब, आता तुम्ही बसा," ताई म्हणाली. "ब्रेक तीनदा दाबा. पाय तसाच ठेवा आणि चालू करा."

मालकाला उतरवून तपासनीस बसले. इंजिन घरघरलं.

"पाय खाली गेला?"

"नाही." त्यांचा चेहरा बदलला. "तसूभरही नाही."

ढब्बूने बॉनेट उघडून बोल्टवर बोट ठेवलं.

"पंप मागवला होता..." मालक चाचरला. "गिऱ्हाईक घाई करत होतं... म्हटलं, एका चाचणीने काय होतंय!"

"एका चाचणीने काय झालं, ते चला दवाखान्यात दाखवतो," तपासनीस म्हणाले.

दवाखान्यात मालक दाराशीच मान खाली घालून उभा राहिला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की पाय पूर्वीसारखा होणार नाही. तपासनीसांनी कागद मामासमोर धरला. "ब्रेकचा दोष, असं लिहिलंय. तुम्ही शेवटपर्यंत ब्रेक दाबत होतात. तुमची भाचरं हुशार आहेत हो!"

मामाने पिटकीचा हात धरला. "सगळे म्हणत होते, झोपलो. मलाही वाटायला लागलं होतं, खरंच झोपलो की काय! शाबास रे पोरांनो."

मामा रडत होता. मामीने डोळे पुसले आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच डबा उघडला. पहिला घास तिने मामाला भरवला, दुसरा स्वतः खाल्ला.