पाय उचलला की वाजते

"आधी गाडी बंद करा, मग बोला," गॅरेजमधल्या एका गाडीच्या पोटाखालून मेकॅनिक पाना म्हणाली.

"बंदच आहे," बाहेरून उत्तर आलं. "हा आवाज मी काढतोय."

पाना फळीवरून सरकत बाहेर आली. समोर एक उंच तरुण, हातात किल्ली, चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखं हसू. मागे त्याचा पिकअप मुकाट उभा.

"पुन्हा काढा बरं."

त्यानं डोळे मिटले. "चिर्र... चिर्र... चिर्र... टक्!"

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. गॅरेज तिच्या बाबांचं. पान्यांशी खेळतच मोठी झाली म्हणून सगळे तिला पानाच म्हणत. घणाच्या ठोक्यांनी बाबांचे कान गेले, तेव्हापासून गाड्यांची गाऱ्हाणी ऐकायचं काम तिच्याकडे आलं. लोक यायचे, 'कसंतरीच वाजतंय' म्हणायचे. पण आवाज असा जिवंत उचलून आणणारा माणूस? असा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला.

"कधी वाजते?"

"वेग कमी केला की. पळताना अगदी गुणाची. बाकीचे मेकॅनिक म्हणाले, तुमच्या कानातच बिघाड आहे."

"मग इथं कान दाखवायला आलात?"

"दाखवलेही असते..." तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "मधमाश्या पाळतो मी. इकडची फुलं संपली. आज रात्री माश्यांच्या पेट्या गाडीत भरून घाटाखाली, सूर्यफुलांच्या शेतात न्यायच्यात. नाहीतर उपाशी मरतील बिचाऱ्या. एवढे जीव मागे बसवून मी उतारावर गाडी घालायची, आणि ती अशी कण्हत असते..."

पानानं हात पुसले. "चला. ब्रेक असणार, पैज लावते."

"ब्रेकला पाय लावायच्या आधीच वाजते."

"मेकॅनिक कोण?"

"तुम्ही," तो पटकन म्हणाला.

गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर तिनं गाडी पळवली. मग अॅक्सिलरेटरवरचा पाय नुसता उचलला.

चिर्र... चिर्र... टक्.

पैज हरली होती ती. क्लच दाबून इंजिन वेगळं केलं, तरी आवाज तसाच. चाकं मंदावतील तसा मंदावणारा. तो मान तिरपी करून ऐकत होता. "मधोमध," तो हळूच म्हणाला. "आपल्या पाठीमागे... खाली."

परत आल्यावर ती गाडीखाली शिरली. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा दोन्ही हातांनी धरून तिनं उलटसुलट पिळला. टक्! सांध्यातल्या क्रॉसभोवती, अधिकच्या चिन्हासारख्या त्या लोखंडी तुकड्याभोवती, गंजाची बारीक लाल भुकटी जमली होती. आवाज नेमका तिथेच होता, त्यानं सांगितला त्याच जागी.

"या इकडे," तिनं त्याला खाली बोलावलं. "या सांध्यातलं ग्रीस सुकलंय. गाडी ओढत असते तोवर दांड्यावर ताण असतो, म्हणून हा गप्प. पाय उचलला की ताण उलटतो, आणि हा बोलायला लागतो."

"आणि तुटला असता तर?"

"उतारावर दांडा निखळून रस्त्यात रुतला असता... आणि गाडी उलटली असती."

त्यानं ती लाल भुकटी बोटावर घेतली. "वाचवलंत तुम्ही."

"मी कुठं? तुमच्या कानांनी वाचवलं."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. गाडीखाली जागा फारच थोडी होती.

"काय म्हणतोय गं तो?" बाबा गाडीखाली वाकून बघत ओरडले.

"आभार मानतोय!" ती तितक्याच जोरात ओरडली.

"मग तू का लाल झालीस? कान गेलेत माझे, डोळे नाहीत!"

दुपारी नवा क्रॉस बसला. निघताना तो घुटमळला. "घाटात पुन्हा वाजला तर?... तुम्ही सोबत असतात, तर..."

"वाजणार नाही," ती म्हणाली. मग, जरा थांबून, "...पण ऐकून घेतलेलं बरं."

बाबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "जा. घाटाखाली मावशी राहतेच, तिच्याकडे उतर. आणि मला उद्या सगळं खरं सांग."

तिन्हीसांजेला, त्याच्या पेट्या ठेवल्या होत्या तिथे, शेवटची माशी घरी परतली, तशी त्यानं पेट्यांची दारं बंद केली. "कान लावा इथं," तो कुजबुजला.

पानानं लाकडाला कान टेकवला. इंजिनं तिनं पुष्कळ ऐकली होती. हे काही वेगळंच होतं. हजारो पंखांचा एकच खोल, उबदार सूर. एकही पंख चुकत नव्हता. तो सूर लाकडातून तिच्या गालात, गालातून छातीत उतरला. डोळे कधी भरून आले, तिला कळलंच नाही.

"राणी आत आहे, म्हणून असा लागतो," तो म्हणाला. "राणी हरवली की सूर सैरभैर होतो."

पेट्या गाडीत चढवून, रात्रभर प्रवास करून पहाटे ते घाट उतरले. प्रत्येक वळणावर त्यानं पाय उचलला, प्रत्येक वळणावर दोघांनी श्वास रोखला. नुसता वारा... शेवटचं वळण घेतलं आणि त्यानं गाडीच थांबवली. खाली दरीभर सूर्यफुलं! नजर पोचेल तिथवर पिवळं, आणि त्यावर नुकताच सांडलेला उजेड. 

शेताच्या बांधावर त्यानं पेट्यांची दारं उघडली. माश्या बाहेर पडल्या, पण उडून गेल्या नाहीत. पेटीकडे तोंड करून गोल गोल घिरट्या घालू लागल्या. हवाच सोनेरी होऊन फिरत होती जणू.

"घर पाठ करतायत," तो म्हणाला. "नवी जागा आहे ना." आणि मग एकदम, तिच्याकडे न बघता, "काल तुम्ही पेटीला कान लावून रडलात... तेव्हाच सांगायचं होतं. धीर झाला नाही. मला तुम्ही आवडता. फार आवडता."

एक माशी पानाच्या मनगटावर येऊन बसली.

"घाबरू नका... हलू नका," तो म्हणाला.

"कोण हलतंय?" तिनं दुसरा हात पुढे करून त्याचा हात धरला. "आणि हे 'तुम्ही-तुम्ही' पुरे झालं आता. 'तू' म्हण मला."