अटर फूल

"आपापली जोडी शोधा," श्वेता मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी क्लासभर चिठ्ठ्या वाटल्या.

रामदासपेठेतला इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास तो. निम्म्या चिठ्ठ्यांवर विशेषणं होती, आणि तीही साधीसुधी नाहीत. कम्प्लीट, टोटल, शीअर... एखादी गोष्ट अर्धीमुर्धी नाही, पुरेपूर आहे, हे ठासून सांगणारी. उरलेल्या चिठ्ठ्यांवर नामं. इंग्रजीत कुणी कुणाच्या शेजारी बसायचं हे ठरलेलं असतं, भलत्याशेजारी भलतं बसवलं की कानाला खटकतं, असं मॅडमचं म्हणणं.

गोपिका आपली चिठ्ठी हातात धरून खिडकीशी उभी राहिली. काटोलकडच्या नानाजींची ही मुलगी. गावाला संत्र्यांची बाग, इकडे एका दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी. समोरून एक उंच मुलगा आला आणि थबकला.

"तुमच्याजवळ काय आहे?"

"फूल."

"मग झालं. माझ्याजवळ अत्तर आहे." त्याने चिठ्ठी दाखवली. तिच्यावर इंग्रजीत 'अटर' होतं. "अत्तर अन् फूल... याच्याहून चांगली जोडी भेटते का कुठं?"

दोघं मोठ्या तोऱ्यात मॅडमसमोर गेली. मॅडमना हसू आवरेना.

"जोडी अगदी बरोबर. पण हे बागेतलं फूल नाही. अटर फूल म्हणजे निव्वळ मूर्ख. आणि अटर बहुतेक वेळा वाईटालाच लागतं, लक्षात ठेवा."

सगळा क्लास हसला. गोपिकाचे गाल लाल झाले. तो मुलगा मात्र खाली वाकून हळूच म्हणाला, "लालभडक... आपल्या मराठीतही असतात बरं, पुरेपूर विशेषणं."

हा प्रशिक रामटेके. वडील कोराडीच्या वीज केंद्रात, घर तिथल्याच कॉलनीत. क्लास सुटला की तो कोराडीची बस धरायचा. म्हणजे आधी धरायचा. आता एक बस समोरून जायची, दुसरी जायची, आणि हा स्टॉपवर गोपिकाशी खेळत उभा.

"पिवळं?"

"धमक."

"काळा?"

"कुट्ट."

"आंबट?"

"ढाण," गोपिका म्हणाली, आणि पर्समधलं बाबांच्या बागेतलं संत्रं काढून तिने अर्धं त्याच्या हातावर ठेवलं. सालीचा वास थंडीच्या वाऱ्यात बराच वेळ रेंगाळत राहिला. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, ती त्याने लगेच मागे घेतली नाहीत... आणि तिनेही नाही.

थंडी सरता सरता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मग एका संध्याकाळी गोपिका गप्प गप्प होती.

"काय झालं वं?"

"रविवारी मले पाहाले पाहुणे येऊन राहिले."

प्रशिकचा चेहरा उतरला. "घरी सांगितलं नाही तू, माझ्याबद्दल?"

"सांगितलं नं... थोडं."

"थोडं म्हणजे?"

"म्हटलं, क्लासात एक पोरगा आहे. चांगला आहे."

"नाव?"

ती बोटाभोवती ओढणी गुंडाळत राहिली. नाव सांगितलं की आडनाव आलं, आणि आपल्याकडे आडनाव ऐकल्यावर माणसं पुढचं काही विचारत नाहीत. गोपिकाचं घर कुणब्यांचं, प्रशिकचं बौद्ध.

"म्हणजे तुह्या घरी मी अजून कम्प्लीट स्ट्रेंजर आहो," तो म्हणाला. हसून म्हणाला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "माझ्या आजोबानं छप्पन साली याच शहरात दीक्षा घेतली, गोपिका. नाव लपवाले नाही घेतली. तुह्या घरी येईन तर पुरा येईन, आडनावासकट. थोडा थोडा नाही जमणार मले."

त्या दिवशी त्याने पहिलीच बस धरली. गोपिकाला राग आला. आधी त्याचा, मग स्वतःचा. क्लासभर पुरेपूर शब्द घोकले आणि बापासमोर मात्र 'थोडं' पुढे केलं. बस दिसेनाशी झाली तेव्हा तिचं ठरलं होतं.

शनिवारी नानाजी कळमन्याच्या बाजारात माल घेऊन आले. दुपारी लेकीसाठी संत्र्यांची पिशवी घेऊन क्लासखालच्या चहाच्या टपरीवर टेकले. गोपिकाने त्यांना अर्धा चहासुद्धा पिऊ दिला नाही.

"बाबा, त्या पोराचं नाव प्रशिक आहे. प्रशिक रामटेके."

नानाजींचा कप तोंडाशी गेला नाही.

"गावात लोक काय म्हणतीन, समजते का तुले?"

"समजते. मी पळून जाणार नाही, तुमच्यापासून लपवणारही नाही. पण लगन करीन तर त्याच्याशीच."

"काहून पण? दुसरे पोरं नाहीत का?"

"आहेत. मले तो आवडते."

नानाजींनी कप खाली ठेवला.

"आहे कुठं तो?"

"वर. क्लासात."

"बोलाव."

प्रशिक खाली आला. तिथे कोण बसलंय हे बघितल्यावर त्याने एकदा गोपिकाकडे पाहिलं. तिने मान हलवली, 'पूर्ण सांगितलं' अशी.

"जय भीम, बाबा. मी प्रशिक रामटेके."

"रामराम," नानाजी म्हणाले. बाकी काही नाही. पिशवीतलं एक संत्रं काढून त्यांनी त्याच्या हातात दिलं. "खाऊन सांग, कसं आहे."

गोड म्हण रे, गोपिका मनातल्या मनात म्हणाली. प्रशिकने फोड तोंडात टाकली आणि त्याचा एक डोळा आपोआप मिटला.

"आंबटढाण आहे, बाबा."

नानाजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग मिशीतल्या मिशीत हसले. "सकाळपासून बाजारात साऱ्यायले गोड आहे म्हणून सांगून राहिलो मी." पिशवी लेकीकडे सरकवून ते उठले. "रविवारच्या पाहुण्यायले नको म्हणतो. बाकीचं... तुह्या आईले सांगा लागन, भाऊबंदायले तोंड द्या लागन. मले थोडा वेळ दे, पोरी."

"घ्या, बाबा."

ते वळणावर दिसेनासे झाले तेव्हा प्रशिक हळूच म्हणाला, "थोडा म्हणाले..."

"त्यांचं थोडं चालते मले. तुझं नाही चालणार." गोपिका त्याच्यासमोर उभी राहिली. "सांग, किती आवडते मी तुले?"

"अ... अटर."

"अटर वाईटालेच लागते."

"मग बरोबर आहे नं." त्याने उरलेल्या संत्र्यातली एक फोड तिच्या हातावर ठेवली, आणि हात तिथेच राहू दिला. "तुह्यापायी फूल तर मी झालोच आहो. पुरा."

गोपिकाने ती फोड खाल्ली. आंबटढाणच होती. तिने डोळे घट्ट मिटले, पण त्याचा हात काही सोडला नाही.